एकसष्टावं नाव

रेवाचं नाव इंग्रजी पटावरून मराठी पटावर आणलं, तर हणमंत दुधाळ गुरुजींना बावीस वर्षांचं जागेपण मिळणार होतं. पोरीचं नुकसान? होईल थोडंफार. पण ती नऊ वर्षांची, आणि स्वतःचीच. दुसऱ्याच्या लेकराचं एवढं नुकसान करायला त्यांना निदान चार खेपा घालाव्या लागल्या असत्या.

‘दूरगामी’ यानावर हवा मोजून मिळे. ज्याला काम, त्यालाच जाग. ज्याची जागा पटात बसेना तो ‘अतिरिक्त’, आणि अतिरिक्ताला बावीस वर्षांनी मुक्काम येईपर्यंत शीतनिद्रेची पेटी. शंभरांतले चार जण त्या पेटीतून उठतच नाहीत, हे ठाऊक झाल्यापासून गुरुजींना साधी झोपही लागत नव्हती. मराठी वर्गाला वीस मुलं लागत. होती एकोणीस. गुरुजी महिनाभर दारोदार फिरले. पालक चहा पाजत, “मराठी काय, घरात आहेच की, गुरुजी,” म्हणत आणि पोर इंग्रजीत घालत. खुद्द गुरुजींनीही तेच केलं होतं. इंग्रजीला त्यांची बायको अंबुजा शिकवायची.

सकाळी त्यांनी बायकोला न विचारता अर्ज भरला. पट वीस झाला.

दुपारी निद्राकक्षातून बोलावणं आलं. तिथं अंबुजा आधीच बसली होती, रेवाचा हात धरून.

“अभिनंदन, गुरुजी,” निद्राकक्षाच्या डॉक्टर शिरीन तांबोळी म्हणाल्या. “तुमची जागा वाचली. बाईंची गेली.”

“तिची कशी जाईल? इंग्रजीला एकसष्ट मुलं आहेत!”

“साठ. तिसऱ्या शिक्षकाला एकसष्ट लागतात, आणि तिसऱ्या बाई. एक नाव तुम्ही सकाळी काढलंत.”

“अख्ख्या यानाचे पट पाठ म्हणून मिरवता,” अंबुजा म्हणाली, “आणि बायकोचा रकाना तेवढा वाचला नाहीत?”

गुरुजी बोटांवर पट पुन्हा मोजू लागले.

तांबोळींनी पेटीचा अर्ज पुढे ओढला. “बाई, पाळण्यात कानावर पडलेली भाषा कोणती?”

“तेलुगू. आम्ही सोलापूरचे, विणकरांच्या घरातले. मराठी गल्लीत शिकले.”

डॉक्टरांचा हात थांबला. “मेंदू इतकी वर्षं थंड ठेवला की भाषेच्या जोडण्या विरत जातात. शेवटी शिकलेली भाषा आधी जाते. पाळण्यातली सर्वांत खोल, तेवढीच उरते. आधीच्या यानांवर उठवलेल्या प्रत्येकाचं असंच झालंय.”

“म्हणजे मी मराठी विसरेन?”

“मराठीही, इंग्रजीही.”

“मी शिकवीन ना पुन्हा,” गुरुजी घाईने म्हणाले.

“त्यानंतर मेंदू नवी भाषा धरत नाही. प्रयत्न करून पाहिलेत आम्ही.”

“भाषांतरयंत्र?”

“तेलुगू निघतानाच वगळली. यानावर मागणी नव्हती.” तांबोळींनी चष्मा काढला. “तुम्हाला येत असेल की. बारा वर्षांचा संसार.”

“सासूबाई बोलायच्या तेव्हा मी मान डोलवायचो.”



“सकाळचा अर्ज सहापर्यंत मागे घेता येतो,” डॉक्टर म्हणाल्या. “मग बाई जाग्या राहतील, तुम्ही पेटीत. तुमची पाळण्यातली मराठीच. उठाल तेव्हा दोघींशी बोलाल.” चष्मा पुन्हा लावत त्या म्हणाल्या, “उठलात, तर.”

तो शेवटचा शब्द त्यांनी गिळला असता, तर बरं झालं असतं.

अंबुजाने नवऱ्याकडे पाहिलं. पुष्कळ वेळ पाहिलं. गुरुजी जमिनीवरच्या फरश्या मोजत होते. मग तिने रेवाला जवळ ओढलं.

“म्हण. नीळ्ळु. म्हणजे पाणी.”

“नीळ्ळु.”

“आकली. भूक. चली, थंडी. नोप्पी, दुखतंय.”

रेवा भराभर उचलत होती. “बाबा, तुम्हीपण म्हणा ना! मग आई उठली की तिला विचारता येईल.”

गुरुजीही म्हणत होते. वीस वर्षं शिकवत आलेला माणूस, पण तिसरा शब्द आला की पहिला निसटायचा. अर्ज समोरच्या पडद्यावर उघडा होता. बोट लावलं की मागे.

सहाला पाच मिनिटं कमी असताना अंबुजा म्हणाली, “भयम्.”

“हा नको शिकवू,” रेवा म्हणाली. “हा कळला.”

सहा वाजले. पडदा आपोआप मिटला.

मराठी पट वीस, जागा कायम. इंग्रजी पट साठ, अतिरिक्त एक. आईचे सतरा शब्द रेवाकडे, गुरुजींकडे दोन. पेटीत अंबुजा.