दुपारची दोन मिनिटं

सोनपेठहून परभणीला निघालेल्या एसटीत स्वरदाला खिडकी मिळाली, आणि खिडकीबरोबर स्वतःचाच आवाज ऐकायची वेळ आली.

शेजारी येऊन बसलेल्या तरुणाच्या मोबाइलमधून तो आवाज येत होता. "आता कच्चं काय? भर दुपारी मेंढ्या अचानक थांबतात. माना खाली घालून, एकमेकींना चिकटून... दोन मिनिटं काही म्हणजे काही होत नाही. हा सरळ सरळ बग आहे. 'कळप' या गेमला दहापैकी सहा."

स्वरदाने तोंडावरचा स्कार्फ आणखी वर ओढला. नव्या गेममध्ये पक्कं काय नि कच्चं काय, हे ती दर आठवड्याला आपल्या चॅनलवर सांगायची. व्हिडिओत तिचा चेहरा कधीच नसे. फक्त आवाज, आणि वहीवर चालणारे हात.

"बग म्हणे!" तो मोबाइलवरच खेकसला. "ही बाई कधी मेंढराजवळ गेली तरी हाय का?"

तिला राहवलं नाही. "गेम तुम्ही बनवलाय?"

"मंग कोण! सुरज, झरीचा. आठ महिने घासलोय ह्याच्यावर."

"मग राग सहा गुणांचा आलाय?"

"गुणाचं काय न्हाई हो. नदीचा पूर तिला आवडला, कुत्र्याची चाल आवडली. लय बारीक बघती ती. म्हणून तर—" तो थांबला. "असल्या माणसानं चुकू नये वाटतं."

स्वरदा बाहेर बघत राहिली. कानाच्या पाळ्या तापल्या होत्या... चैत्रातल्या उन्हाने असतील.

"चुकली असेल तर तिला दाखवा की."

"कुठं सापडायची ती?"

तिने स्कार्फ सोडला. "इथं. खिडकीपाशी."

मोबाइल सुरजच्या हातून निसटून थेट सीटखाली गेला. वाकून तो काढताना तो पुटपुटला, "आरं देवा... मी 'ही बाई' म्हणलो का?"

"खेकसून म्हणालात."

"तिकीट काढू का तुमचं?"

"काढलंय. आणि इथं लाच चालत नाही."

तो हसला. उजवीकडचा एक दात जरासा पुढे होता. हे पक्कं की कच्चं, याचा विचार आपण का करतोय, हे तिला परभणी येईपर्यंत कळलं नाही.

पुढच्या रविवारी ती झरीला गेली. कापणी झालेल्या मोकळ्या रानात सुरजच्या वडिलांच्या, येडबांच्या, मेंढ्या चरत होत्या. आसपास झाड नव्हतं. बारा वाजले आणि चरणारा कळप चरता चरता थांबला. मेंढ्या गोळा झाल्या, माना खाली गेल्या. एकीचं डोकं दुसरीच्या पोटाखाली, दुसरीचं तिसरीच्या.

"हाकलून बघा," सुरज म्हणाला.

तिने हात हलवले, ओढणी फडकवली, शेवटी चक्क आरोळी ठोकली. एक मेंढी हलली नाही.

"सावली न्हाई ना, माय," सुरजची आई भिवराबाई म्हणाली. "मंग येकमेकीची घेत्यात." आणि तिने चार दिवसांचं कोकरू स्वरदाच्या मांडीवर ठेवलं. त्याच्या पोटाची ऊब, ते इवलं धडधडणं तिच्या तळहाताला लागत होतं. तिने पिशवीतून वही काढली आणि 'बग' या शब्दावर काट मारली.

"चूक माझी. हे मी सगळ्यांसमोर सांगणार."

"पण मला वाईट वाटलं म्हणून गुण वाढवू नका."

"तुमच्या वाटण्यावर गुण देते का मी? उलट, अजून कच्चं सापडलंय. ऊन कुठाय तुमच्या गेममध्ये? सावली कुठाय? खेळणाऱ्याला वाटतं, मोबाइल अडकला."

सुरज डोकं खाजवत राहिला. "हे... हे बराबर हाय."

"नवं अपडेट काढा. मी पुन्हा रिव्ह्यू करीन."

मग तीन आठवडे तो रोज तिच्या मोबाइलवर सावल्यांची चित्रं पाठवत राहिला. मेंढीची, काठीची, स्वतःच्या टोपीची. ती उत्तरं द्यायची: "लांब झाली." "ही दुपार नाही, संध्याकाळ वाटते." कधी नुसतं "हं." त्या 'हं'वर सुरज दिवस काढत असे, हे त्याने तिला बऱ्याच नंतर सांगितलं.

अपडेट आलं त्या दिवशी ती कामासाठी परभणीत होती. बसस्टँडबाहेर रसवंतीत दोघं समोरासमोर बसले.

"स्वरदा, एक सांगायचं हाय—"

"गेमचं?"

"न्हाई..."

"मग नको. रिव्ह्यू होईपर्यंत एक शब्द नाही."

"का पण?"

"तुम्ही बोललात की सहाचे दहा होतील. माझ्या शब्दावर लोक गेम खेळतात, सुरज. एकदा हात ढिला सोडला, की मग माझ्या 'पक्कं'ला काय अर्थ?"

त्याने ग्लास फिरवला. "लय कडक हाव तुमी."

"आहेच."

पण टेबलावर त्याच्या बोटांशेजारी ठेवलेला हात तिने रस संपेपर्यंत उचलला नाही.

घरी ती गेम चार वेळा खेळली. वहीत नऊ लिहिले... आणि त्या आकड्याकडे बघताना तिला तो पुढे आलेला दात आठवला. तिने नऊ खोडले. हाच गेम कोल्हापूरच्या कुणा अनोळखी माणसाने केला असता तर? तिने पाचव्यांदा गेम उघडला. ऊन आता डोळ्यांना जाणवत होतं, मेंढ्यांची डोकी सावली शोधत होती. सुंदरच. पण ती दोन मिनिटं मेंढपाळ नुसता उभा होता. तिने सात लिहिले. पुन्हा वाचून बघितलं, तरी सातच.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने आवाज भरला. तिचा प्रत्येक व्हिडिओ आधी तिचे वडील ऐकायचे, निवृत्त शिक्षक दिनकरराव. ते डोळे मिटून बसले.

"मागच्या वेळी मी चुकले. ज्याला बग म्हटलं, ते मेंढ्यांचं शहाणपण होतं. ते या गेममधलं सगळ्यात पक्कं. कच्चं हे, की मेंढपाळ एकटाच उन्हात उभा. दहापैकी सात. आणि एक. या माणसाच्या गेमचा रिव्ह्यू यापुढे मी करणार नाही. कारण सांगणं माझं काम आहे... त्याच्या बाबतीत मी आता तटस्थ राहिलेले नाही."

दिनकररावांनी डोळे उघडले. "सोनपेठात सगळे ऐकतात हे. शेवटचं राहू द्यायचं?"

"खोटं असेल तर काढा, बाबा."

ते चष्मा पुसत म्हणाले, "खोटं असतं तर काढलंच असतं... सातच दिलेस बिचाऱ्याला?"

व्हिडिओ टाकून दहा मिनिटं झाली नसतील, तोच फोन वाजला.

"सातच?"

"सातच."

पलीकडे सुरज होता. मागे कुठेतरी कोकरू ओरडलं.

"मंग... त्या मेंढपाळाजवळ कुणाला उभं करू?"

"मला नका विचारू. तुमचे रिव्ह्यू मी बंद केलेत."

"मंग रसवंतीतलं आता सांगू?"

तिने घड्याळात बघितलं. मग चपला पायात सरकवल्या, स्कार्फ मात्र खुंटीवरच राहू दिला.

"फोनवर नको. साडेआठच्या गाडीने निघते. बाराच्या आत झरीला पोचेन. मेंढ्या थांबल्या की बोला. दोन मिनिटं आहेत तुमच्याकडं."