चढली का हो गाडी?

"सायकलला लगेज पडतं, भाऊ."

"ही सायकल नाही, मॅडम." त्यानं दोन खटके दाबले, चाकावर चाक दुमडलं आणि गाठोडं करून दाखवलं. "घडी घातली की बॅग."

"बॅगेलापण पडतं."

दोन हजार आठ साल. मी घोडेगाव–आहुपे गाडीची कंडक्टर. बाई कंडक्टर बघून लोक आधी हसायचे, मग हुज्जत घालायचे, मग गुपचूप सुटे काढायचे. ह्यानं मात्र पहिल्या झटक्यातच पैसे काढून दिले... आणि बघतच राहिला. मला रागच आला. पुढं जाऊन बाकीची तिकिटं फाडली.

हा सुदर्शन, मंचरचा. पुण्याच्या एका कंपनीत होता, पण कायम नव्हता. बॅटरीवरची ही घडीची सायकल ओझं घेऊन घाट चढते का, ते बघायचं त्याचं काम. चढली तर कंपनी घोडेगावात दुकान टाकणार, सुदर्शन त्यात कायमचा. नाही चढली तर नोकरी संपली. हे त्यानं दुसऱ्याच दिवशी सांगितलं. मी विचारलं नव्हतं.

मग मला ती सायकल रोज खिडकीतून दिसायची. रिकामी असली की भुर्रकन जायची. वजनाला म्हणून हिरड्याचं एक पोतं लादलं तरी कुरकुरत का होईना, चढायची. पण आहुप्याच्या लोकांचं एका पोत्यात काय भागतंय? दुसरं पोतं टाकलं की डिंभ्याच्या पुढं, चढाला लागली की मोटार कण्हायची, आणि सुदर्शन खाली उतरून ढकलायचा. श्रावणाची भुरभुर, शर्ट पाठीला चिकटलेला. आमचे ड्रायव्हर भिमाजी मुद्दाम गाडी हळू करायचे.

"काय पावणं, आज कोन कोनाला चालवतंय?"

बॅटरी संपली की तो सायकलीची घडी घालून आमच्याच गाडीत बसायचा.

"रोज बघता आणि हसता," एकदा म्हणाला.

"हसत नाही. माणसं मोजते."

"मला पण मोजता?"

"तुम्हाला काय मोजायचं... एकच तर आहात."

बोलून गेले आणि जीभ चावली. तो खिडकीबाहेर बघून हसत होता. मेला.

आहुप्याची कुशाबाई मागं बसलेली असायची. तिनं मला हळूच विचारलं, "पोरी, घिऊ का गं ही सायकल? डोक्यावरचा हिरडा तरी उतरंल. कानातलं मोडीन म्हनते."

"थांब जरा, मावशी," मी म्हणाले.

चाचणीच्या शेवटच्या दिवशी तो घोडेगाव स्टँडवर उभा होता. मोबाइल वाजला. कंपनीच्या साहेबांना इथलं कुणीतरी साक्षीला हवं होतं. त्यानं फोन माझ्या हातात दिला आणि सायकलीचा पट्टा आवळायला खाली बसला. नको म्हणायला सवडच नव्हती.

"बाई, चढली का हो गाडी? दोन पोती घेऊन?"

मी त्याच्या वाकलेल्या पाठीकडं बघितलं. नाही म्हटलं की हा चालला. मला ते नको होतं. अजिबात नको होतं.

"चढली," मी म्हणाले. "मस्त चढली. कुठं थांबली नाही."

पलीकडं साहेब खो खो हसले. "अहो बाई, आमचा माणूस कालच सांगून बसलाय, चढाला लागली की बसते म्हणून! मग खरं कोण?"

माझे कान तापले. फोन त्याच्याकडं दिला. "हो साहेब... नाही चढत," तो म्हणत होता. मग फोन खिशात टाकून माझ्याकडं वळला.

"तुम्ही... खोटं बोललात?"

"बोलले."

"कुशाबाई मलापण म्हणाली होती, कानातलं मोडीन म्हणून. मोडलं असतं म्हणजे?"

"तिला मी घेऊ दिली नसती."

"मग कशाला बोललात?"

"तुम्ही जाऊ नये म्हणून!"

जरा मोठ्यानंच बोलले. अर्ध्या स्टँडनं माना वळवल्या. कंट्रोलरनं चष्मा कपाळावर चढवला. आता लपवायचं काय राहिलं होतं?

"आवडता मला," मी हळू म्हणाले. "झालं?"

त्यानं सायकलीच्या पट्ट्याचं टोक उगाच खोचलं. मग म्हणाला, "काल साहेबांना खरं सांगून टाकलं, तेव्हा नोकरीचं काही वाटलं नाही, आरती. ही गाडी आता रोज दिसायची नाही... त्याचं लई वाटलं."

पहिल्यांदाच नावानं हाक मारली त्यानं. भिमाजींनी हॉर्न दिला. मी पायरीवर चढले.

"मंचरला घरचा बटाटा आहे, तोच करीन म्हणतो," तो खालून म्हणाला. "बटाटेवाला... चालंल?"

"चालंल. पण आईला घेऊन या. आमचे अण्णा एकट्या पोराशी बोलत नाहीत."

"रविवारी येऊ?"

"रविवारी माझी ड्यूटी आहे. सोमवारी या," मी म्हणाले आणि डबल बेल मारली.