हजार ज्योतिराम

प्रयोगशाळेच्या काळ्याभोर जमिनीवर एकाच वेळी हजार ज्योतिराम शेळके धावत होते. खरा ज्योतिराम चपला दाराशी काढून, भिंतीला पाठ टेकून, गुपचूप उभा होता.

"आई शप्पत!" तो एवढंच म्हणाला.

डॉ. शर्वाणी मोकाशींना हसू आलं. त्याच्या बुटांतून, हातमोज्यांतून आणि छातीवरच्या पट्ट्यातून वर्षभर आलेल्या नोंदींवरून त्यांनी हे प्रकाशाचे 'छायाखेळाडू' घडवले होते. प्रत्येकाला त्याचेच स्नायू, त्याचाच श्वास आणि हट्टही त्याचाच. त्याचा येणारा दुसरा हंगाम प्रयोगशाळेतल्या यंत्रानं त्या प्रत्येकाकडून आधीच खेळून घेतला होता. दर वेळी वारा वेगळा, मैदान वेगळं, नशीब वेगळं. हजार हंगाम नऊ दिवसांत उरकले होते!

ज्योतिराम हा नाशिकच्या 'घारी' संघाचा झेलधावक. अमेरिकन फुटबॉल आपल्याकडे रुजून आता बारा वर्षं झाली होती. फेकणारा खेळाडू लांबुळका चेंडू लांब भिरकावतो आणि झेलधावकानं रक्षकाला चकवत तो हवेतच टिपायचा. जतकडच्या या पोरानं पहिल्या हंगामाच्या सुरुवातीला नुसता धुमाकूळ घातला. मग प्रतिस्पर्ध्यांना त्याची मेख सापडली. तो सरळ पळतो, तिरका पळतो, पण माघारी फिरत नाही.

"दहा वर्षं खोखो खेळलाय हो तो," प्रशिक्षक घोरपडे सर म्हणाले. "खोखोत पाठलाग करणाऱ्यानं एकदा दिशा घेतली की खांब गाठून वळसा घातल्याशिवाय उलटं यायचं नाही. आला की फाऊल. ते हाडात मुरलंय. 'परतीचा झेल', म्हणजे पळता पळता माघारी फिरून घ्यायचा चेंडू, आला की पाय जमिनीला चिकटतात त्याचे."

"किती वेळ?"

"पाव सेकंद. तेवढ्यात चेंडू दुसऱ्याच्या हातात जातो. पंधरा दिवसांनी निवडसामना आहे, मॅडम. त्यात हा झेल जमला नाही तर ज्योत्या घरी. मालकांनी स्पष्टच सांगितलंय."

शर्वाणीबाईंनी कळ दाबली. नऊशे नव्याण्णव जण विझले आणि एकच उरला. सहाशे बारावा. हा अकराव्या सामन्यात परतीचा झेल शिकला होता. बाराव्या पावलाला तो गर्रकन फिरला, चार पावलं मागे आला आणि चेंडू त्यानं पोटाशी घेतला. ज्योतिराम आ वासून बघत राहिला. आपणच, पण आपल्याला न येणारं करणारे!

"बाकीचे कुठं गेले?" त्यानं विचारलं.

"त्यांना जमलं नाही रे. पडलेलं कशाला बघायचं?" सर म्हणाले. शर्वाणीबाईंनाही ते पटलं. संघाचा रिवाजच होता तो, सरावाच्या चित्रफितीत फक्त जिंकलेलं दाखवायचं.

आठवडाभर ज्योतिरामनं सहाशे बाराव्याची हुबेहूब नक्कल केली. मोकळ्या मैदानावर झेल जमू लागला, सर खूष झाले. आठव्या दिवशी समोर खरा रक्षक उभा केला. चेंडू जरा आखूड पडला. ज्योतिराम मात्र बाराव्या पावलालाच फिरला आणि तोंडावर आपटला. पुन्हा पळाला, पुन्हा आपटला. तिसऱ्यांदा उठताना त्याचे डोळे भरले होते.

शर्वाणीबाई सरांकडे धावल्या.

"चूक माझी आहे, सर," त्या म्हणाल्या. "सहाशे बारावा दहा सामने पडला, मग शिकला. आपण याला पडणं वगळून नुसतं उत्तर दिलं. आणि याहून मोठी घोडचूक म्हणजे, त्या हजारांतल्या एकानंही कधी प्रयोगशाळेत येऊन स्वतःला पाहिलं नव्हतं. यानं पाहिलं. त्या क्षणी हा त्यांच्यातला राहिलाच नाही. आता यंत्राचं भाकीत याला लागू नाही."

"म्हणजे वाटोळं केलंत की पोराचं!" सर कडाडले.

ज्योतिराम गुडघ्यावरची माती झाडत जवळ आला.

"म्याडम, त्ये नऊशे नव्याण्णव दावा मला."

"सगळे पडतात रे ते."

"पडू द्या की. माझंच हाईत न्हवं?"

सहा दिवस तो प्रयोगशाळेच्या जमिनीवर मांडी घालून बसला. त्याच्याभोवती त्याचीच शेकडो रूपं पळत होती, अडखळत होती, कोसळत होती आणि पुन्हा उठत होती. एकानंही मैदान सोडलं नाही. एका माणसात एवढा चिवटपणा असतो, हे बाईंच्या कुठल्याच आकड्यात दिसलं नव्हतं. सहाव्या दिवशी त्यांच्या लक्षात आलं, ज्योतिराम स्वतःकडे बघतच नव्हता. तो रक्षकाकडे बघत होता. मग तो एकाएकी खो खो हसत सुटला आणि काही न सांगता चपला घालून निघून गेला.

निवडसामन्यात शेवटचा डाव आला. सरांनी परतीचा झेल सांगितला. ज्योतिराम सुसाट निघाला, रक्षक पुढे जाऊन वाट अडवून उभा राहिला. बाराव्या पावलाला ज्योतिराम थांबलाच नाही. रक्षकाला बोटही न लावता, वेग तसूभरही कमी न करता, त्यानं त्याच्याभोवती गरकन वळसा घातला आणि तो उलट्या दिशेनं बाहेर पडला. चेंडू थेट त्याच्या हातात आला.

"अरे माझ्या वाघा!" सर ओरडले. मालकांच्या माणसानं हसत यादीत नाव लिहिलं.

"हे कुठून शिकलास?" बाईंनी विचारलं. "हजारांत एकानंही असं केलं नाही."

"पळणाऱ्याला कसं दिसंल, म्याडम? त्यो चेंडूकडं बघतोय. मी भाइरून बघितलं. दर येळी रक्षक तिथंच हुबा, खांबावानी! म्हटलं, खांब हाय तर वळायला कशाची बंदी?"

दुसऱ्या दिवशी सर प्रयोगशाळेत हजर. "आता या नव्या ज्योत्याचा अख्खा हंगाम काढा बघू."

बाईंनी यंत्र सुरू केलं. पण नवा ज्योतिराम म्हणजे आपली हजार रूपं पाहिलेला माणूस. त्याच्या प्रत्येक छायेला आधी हजार छाया दाखवायला हव्यात. आणि त्या छाया हुबेहूब त्याच्यासारख्या हव्यात, तर त्यांनीही आपापल्या हजार पाहिलेल्या असायला हव्यात. पडद्यावर अक्षरं उमटली : गणना पूर्ण होणार नाही. बाई हात जोडावेत तशा त्या अक्षरांपुढे उभ्या राहिल्या.

दारात ज्योतिराम चपला काढत होता. "काय म्हणतंय यंत्र माझ्याबद्दल?"

"काहीच सांगता येत नाही म्हणतंय."

"बरं झालं," तो म्हणाला आणि काढलेली चप्पल त्यानं पुन्हा पायात सरकवली. "मग जातो. खेळूनच बघावं लागंल."