सासूबाईंच्या तोंडची चव

यावर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही, आधीच सांगून ठेवतो. बसला तर मिशी उतरवीन. सूनबाई, तू आत्तापासून हसू नकोस.

तर, एक भट्टीवाले काका होते. खाली पावाचं दुकान, मागे भट्टी, वर बिऱ्हाड. रोज सकाळी पहिला घाणा निघाला की काका त्यातला एक पाव मोडत, कडेचा तुकडा चावत, डोळे मिटत आणि म्हणत, "जाऊ दे." ते ऐकल्याशिवाय एक पाव गल्ल्यापलीकडे जात नसे. वर घरात त्यांना कुत्रं विचारत नव्हतं, पण खाली त्यांचा शब्द म्हणजे शब्द.

डॉक्टरीणबाईंनी नेमका तिथेच घाव घातला.

"गव्हातलं ग्लूटेन तुमच्या आतड्यांना सोसत नाही, काका. गहू बंद. कायमचा."

"अहो बाई, पाववाला आहे मी! नावाड्याला सांगाल का, पाण्याकडे बघू नकोस म्हणून?"

"गिळायचा नाही, एवढंच सांगते."

मग चावून थुंकायचं, असं काकांनी ठरवलं. त्यांच्या पानात तांदळाचा पाव येऊ लागला. काकांच्या मते त्याने पोरांच्या वह्यांतलं पेन्सिलीचं लिखाण खोडता आलं असतं.

आणि चव जायला लागली. आधी केकची. मग लोण्याच्या बिस्किटाची. शेवटी त्यांचा जीव की प्राण, तो कडा करपलेला टोस्ट! दातांखाली कुरकुर वाजायची, नाकात वास भरायचा आणि जिभेवर मात्र ओला पुठ्ठा. काका खवळले. पिठाला शिव्या झाल्या, यीस्टला झाल्या, मळणाऱ्या कारागिराच्या सात पिढ्यांना झाल्या. "मीठ काय घरी नेतोस का रे?" म्हणत त्यांनी स्वतःच्या हाताने मूठभर ओतलं.

त्या सकाळी बायको जिन्यावरून हसत खाली आली. "अहो, आई म्हणतेय, आज मीठ फार झालंय."

"त्यांना पाव दिला कोणी?"

"कोणी नाही. मऊ भात भरवत होते मी. दात आहेत का तिला?"

या सासूबाईंनी सगळी हयात जावयाचा पाव चहात बुडवून गिळला, पण कधी 'बरा आहे' म्हणाल्या नाहीत. आता खिडकीजवळच्या खाटेवरून उठतही नव्हत्या.

घटकाभरात गिऱ्हाइकं पाव परत घेऊन आली. खारट.

मग ते रोजचंच झालं. काका खाली चावत, आणि वरून आवाज येई, "पीठ नीट फुगलं नाही." "आज मस्त जमलाय!" कारागीर आधी हसायचा. मग हसायचा थांबला. मग पहिला घाणा निघाला की काकांकडे न बघता सरळ जिन्याखाली जाऊन उभा राहू लागला. "आजी, सोडू का?"

वरून यायचं, "जाऊ दे."

काकांचाच शब्द. काकांच्याच ठेक्यात.

"दरोडा आहे हा दरोडा!" काका गरजले. "घराला कुलूप लावतो माणूस, जिभेला काय लावायचं?" रागाच्या भरात त्यांनी भांडी घासायच्या साबणाचा कोपरा तोडला आणि कचाकचा चावला. त्यांना काही म्हणजे काही लागलं नाही.

वर ठसका लागला. "जावईबापू, शिव्या द्या, पण साबण नको!"

काकांनी चूळ भरली, तोंड पुसलं आणि ते जिना चढले. बायको गल्ल्यावर होती. वर दुसरं कोणी नव्हतं.

खोलीत स्वच्छ ऊन पडलं होतं. चादरीला चुणीसुद्धा नव्हती. सासूबाई डोळे मिटून पडल्या होत्या, आणि त्यांचा जबडा सावकाश हलत होता.

"काय चघळताय?" काका म्हणाले. "माझं तोंड रिकामं आहे."

"नाही हो. आहे अजून."

"दुकान माझं आहे! खाली शब्द माझा—"

पुढचं आलंच नाही.

काकांनी तोंड उघडलं. मिटलं. पुन्हा उघडलं. जीभ जागेवर होती.

जबडा हलत राहिला.

मग सासूबाईंनी गिळलं.

बायको वर आली तेव्हा त्या गेलेल्या होत्या. काका आहेत अजून, पण त्या सकाळपासून तोंडातून एक अक्षर नाही. पाटी-पेन्सिल पुढे ठेवली तर नुसते बघत बसतात. पहिला घाणा आता न चाखताच जातो.

आणि तो शेवटचा घास म्हणाल, तर आधी गोडसर लागतो. मग खारट. कडेला किंचित करपलेला. गिळताना जरा धडपडतो, पण एकदा का खाली उतरला—

"थांबा, बाबा." सूनबाईचं हसू मावळलं होतं. "खोटं बोलताय तुम्ही. म्हातारी तिथेच गेली, काकांची वाचा बंद. मग तो घास कसा लागतो, हे तुम्हाला कोणी सांगितलं?"