रंगखान्याच्या विहिरीचं पाणी

देवाशप्पथ सांगतो, यातला शब्द न् शब्द खरा. मी डोळ्यांनी पाहिलंय. म्हणजे... त्या रात्री मी मैंदर्गीला मेव्हण्याकडे आमरस ओढत होतो. पण जोतीरामनं पाहिलं ते मीच पाहिल्यासारखं. आमची भिंतीला भिंत. आता कंदील बारीक करा आणि मध्ये खोकू नका.

सन चौऱ्याहत्तर. एकवीस मे, मंगळवार, अमावास्या. जोतीराम पाणी तपासायच्या सरकारी नोकरीत होता. कुंभारी गावाच्या वाटेवर सूत रंगवायचा एक कारखाना होता, लोक त्याला रंगखाना म्हणत. तो बंद पडला, आणि त्या जागेवर कामगारांसाठी चाळीस घरं बांधायचं ठरलं. माती कशी आहे, विहिरीचं पाणी पिण्याजोगं आहे का, हे जोतीरामनं कळवायचं. माती त्यानं दिवसाच खणून घेतली. ढेकूळ फोडलं की नाकाला झोंबायची. पण आसपासच्या मळ्यांतली इंजिनं दिवसभर पाणी ओढत. ती थांबून विहीर ठरली की मगच पातळी मोजायची. म्हणून रात्री साडेदहाला स्वारी सायकलवरून निघाली.

पिशवीत सहा बाटल्या. भरलेल्या. घरच्या नळाला.

ही त्याची जुनी खोड. चार वर्षांपूर्वी रंगखाना चालू असताना तोच तपासायला आला होता. विहिरीचा वास सोसेना, म्हणून पठ्ठ्यानं नळाचं पाणी भरून पुण्याला पाठवलं. कागद आला: पाणी पिण्यास योग्य. मालकानं तो विहिरीवर चिकटवला.

तर जोतीराम काठावर वाकून टेप सोडत होता.

"लई खोल हाय, सायेब. जपून."

मागं एक बाई. डोक्यावर पदर, काखेत घागर.

"कोण गं तू?"

"निंगव्वा. हितं सूत वाळवायला हुते की."

"एवढ्या रात्री पाणी?"

"पोरीस्नी तहान लागती." ती हसली. "बाटल्या आदीच भरून आणल्या व्हय? हुशार हाय बाबा तुमी!"

जोतीरामनं पिशवी पाठीमागं सारली. "तुला काय करायचंय? जा घरी."

"मागल्या टायमाला बी अशाच भरल्या. मुकादमानं तुमचा कागद वाचून दावला. मग आमी प्यालो. आदी धाकटी गेली. मग थोरली. मग..."

तिनं घागर काठावर ठेवली.

वारा पडला. रातकिडे गप्प झाले.

"वता."

त्यानं बाटल्या उपड्या केल्या. एक. दोन. सहाही.

घागर खाली गेली. दोर नव्हता... वर आली. भरलेली.

बाटल्या भरल्या. बुचं लागली.

"आता तुमी."

"मी... काय?"

"प्या की. योग्य हाय. तुमीच कळवलंय."

तिनं ओंजळ पुढं धरली.

तो प्याला.

बाटल्या पुण्याला गेल्या. पाणी विषारी निघालं, घरं रद्द झाली. चाळीस कुटुंबं वाचली. पण निंगव्वाचं तेवढ्यावर भागणारं नव्हतं. त्या दिवसापासून जोतीरामच्या तोंडाला पाणी गोड लागलं नाही. नळाचं नाही, माठाचं नाही, देवळातलं तीर्थसुद्धा नाही. घोट घेतला की थुंकायचा. माणूस खारकेसारखा वाळला. अठ्ठ्याहत्तरला गेला.

तिसऱ्या दिवशी सावडायला मी होतो. राखेवर दूध शिंपडलं. राख बाजूला केली...

अस्थी जांभळ्या.

वरून डाग पडला असेल म्हणून मी एक तुकडा मोडला. आतूनही.

असे टकामका बघू नका रे. बरं, कबूल करतो, एक गोष्ट मी पदरची घातली. निंगव्वाचं बोलणं. जोतीराम सांगायचा, ती अवाक्षर बोलली नाही. तिचं नाव, तिच्या पोरी, हे त्याला नंतर कुंभारीत कळलं. ती नुसती ओंजळ धरून उभी होती. बाटल्या त्यानंच ओतल्या. त्यानंच भरल्या. आणि ओंजळीवर वाकला...

तेही आपणहून.