राखणदाराचा नारळ

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. एरवी या नारळाला मी कुणाला हात लावू देत नाही.

मी चेलो वाजवते, सुबोध व्हायोलिन. दोघंच. जानेवारीत मढच्या एका आर्ट गॅलरीत आमचा कार्यक्रम होता, संध्याकाळी पाचचा. गॅलरी म्हणजे पूर्वीचा बर्फाचा कारखाना. भिंतींवर मोठाली चित्रं होती, पण मासळीचा आणि ओल्या मिठाचा वास काही गेला नव्हता.

सहा महिने माझा उजवा हात थरथरत होता. डॉक्टरांना काही सापडत नव्हतं. संथ सूर लांबवायला गेले की गज तारेवर नाचायचा. सुबोधला मी बजावून ठेवलं होतं, "आज हात हलला तर हा माझा शेवटचा कार्यक्रम."

जिथे पूर्वी बर्फाच्या लाद्या रचायचे, त्या मागच्या खोलीत आम्ही वाद्यं सुरात लावत होतो. माझा पडलेला चेहरा बघून सुबोधला चेष्टा सुचली. आम्ही दोघं मुंबईतच वाढलेलो. त्याला मालवणी येतं ते आजोबांचं ऐकून, तेवढंच. त्याने हात जोडून, कोकणात घालतात तसं, जागा राखणाऱ्या देवाला, राखणदाराला, चक्क गाऱ्हाणं घातलं.

"बा राखणदारा, ही दोगां तुझ्या जाग्यात वाजवक इली हत. हिचो हात थिर ठेव. तुका नारळ देतलव रे म्हाराजा!"

यावर बाकीच्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं असतं. मी नुसतीच हसत होते.

"व्हय म्हाराजा..."

घोगरा, दमलेला आवाज. कोपऱ्यातल्या भिंतीकडून.

"तू बोललीस ना?"

"नाही रे... मला वाटलं तूच..."

सुबोधचं हसू मावळलं. तेवढ्यात गॅलरी सांभाळणाऱ्या अंजनाबाई आम्हाला बोलवायला आल्या.

समोर तीसेक माणसं होती. संथ भाग आला आणि तिसऱ्याच सुराला माझं मनगट थरथरलं. संपलं सगळं, असं वाटलं. मग कुणीतरी खालून माझं मनगट धरलं. गार, खरखरीत हात, दोर ओढून घट्टे पडलेला. दिसत काहीच नव्हतं. मला ओरडायचं होतं... पण गज सरळ चालला होता. इतका लांब, भरलेला सूर माझ्या हातून कधी निघाला नव्हता. भीती वाटत होती आणि आनंदही होत होता. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि मी वाजवत होते.

मग टाळ्या, फोटो, चहा. त्या गडबडीत नारळ द्यायचा राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहिसरला, माझ्या सातव्या मजल्यावरच्या घरात रियाझाला बसले. हात पुन्हा थरथरला. मी पुटपुटले, "थिर ठेव रे म्हाराजा..."

खोलीत ओल्या मिठाचा वास पसरला.

"व्हय म्हाराजा..." अगदी पाठीमागून.

मी सुबोधला फोन लावला.

"वाट लागली! नारळ राहिला ना गं! आजच्या आज मढला देऊन ये, श्रुतिका."

नारळ आणला, तोच हा. दिला की राखणदार आपल्या जागी परत जाईल, हे मलाही कळतं. पण तेव्हापासून माझे पाच कार्यक्रम झाले, हात एकदाही हलला नाही. पुढच्या महिन्यात मुलुंडला आहे. तो झाला की देईन म्हणते.

सकाळपासून उन्हात ठेवलाय. लावा, आज तुम्हीपण हात लावून बघा...

गार आहे ना?