झिनुकचा हुंकार

रविवारी दुपारची जेवणं उरकली की आमच्या गल्लीतल्या वाचनालयात मुलं जमत. चंदननगरात बहुतेक गल्ल्यांना असं एखादं वाचनालय आहे. आमच्याकडे दोन खोल्या, गंगेच्या बाजूला एक व्हरांडा आणि मनात येईल तेव्हा फिरणारा एक पंखा. व्हरांड्यात सतरंजी पसरून फणिभूषण घटक मुलांना भुताखेतांच्या आणि राजाराणीच्या गोष्टी वाचून दाखवत. ते निवृत्त शिक्षक. सगळा गाव त्यांना मास्टरमोशाय म्हणतो. पुस्तक बहुधा मी निवडलेलं असे. कोलकात्याच्या एका दैनिकात मुलांचं पान मी सांभाळते. कोणत्या वयाला कोणतं भुताचं पुस्तक द्यावं, किती भीती सोसेल, कोणतं आईवडिलांनी आधी चाळावं, हे दर आठवड्याला सुचवणं माझं काम आहे. मुलं कुठे चुळबुळतात आणि कुठे एकमेकांना चिकटतात ते कडेला बसून पाहिलं की परीक्षण लिहायला फार वेळ लागत नाही.

गोष्टीला हुंकार देणारं एक मूल हवं, हा मास्टरमोशायांचा नियम. आमच्याकडे घरोघरी गोष्ट अशीच सांगतात. वाक्य संपलं की त्या मुलाने ‘हूं’ म्हणायचं. हूं आला नाही तर गोष्ट पुढे सरकत नाही. शेवटी मास्टरमोशाय गोष्ट मिटवण्याचे ठरलेले दोन चरण म्हणत, हुंकार देणाऱ्याच्या डोक्यावर टपली मारत आणि सांगत, “जा, सुटलास.” त्याआधी कुणी उठायचं नाही.

जगद्धात्री पूजेच्या आदल्या रविवारी मास्टरमोशायांनी विचारलं, “आज हुंकार कोणाचा?”

“माझा!” टुबलू ओरडला.

“तुझा नको. मागच्या वेळी चेटकीण झाडावरून उतरायला लागली आणि तुझा हूं घशातच अडकला. बिचारी किती वेळ फांदीला लटकून राहिली.”

मुलं खिदळली.

“मी देते,” झिनुक म्हणाली.

“ही? ही तर झुरळाला घाबरते!” टुबलू म्हणाला.

“झुरळ खरं असतं, गाढवा.”

झिनुक नऊ वर्षांची. तिचे वडील हाराधन पूजेच्या रोषणाईचे देखावे बनवतात. आई तपती घरीच असते. एकुलती एक मुलगी. त्यांच्या आणि माझ्या घरामध्ये एकच भिंत आहे.

गोष्ट विणकराच्या मुलीची होती. तिचा धोटा नदीत पडतो आणि तो शोधत ती घाटाच्या पायऱ्या उतरत जाते, पाण्याखालीही. झिनुक मांडी घालून, हनुवटी मुठीवर टेकून हुंकार देत होती. मुलगी गळ्याइतक्या पाण्यात आली आणि गल्लीच्या तोंडाशी ढाक वाजायला लागले. मंडपात ते मोठे ढोल वाजवणारे ढाकी आले होते. सतरंजी क्षणात रिकामी झाली. मास्टरमोशायांनी हसत पुस्तक मिटलं.

“पळा, पळा. उरलेली पूजेनंतर.”

“हूं,” झिनुक म्हणाली. ती एकटीच बसून होती.

“अगं, संपलं आजचं. ढाक नाही का बघायचे?”

“हूं.”

मला वाटलं, थट्टा करते आहे. मी तिचा हात धरून तिला घरी पोचवलं. वाटेत ती आणखी काही वेळा हूं म्हणाली.

पूजेच्या गर्दीत तिच्याकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. हाराधन रात्रंदिवस दिव्यांच्या माळांत होता. विसर्जन झालं, रस्ते झाडून झाले आणि तपती माझ्या दारात आली.

“अनुदी, ती बोलत नाही. मारलं तरी बोलत नाही.”

“मारलंस?”

“एकदाच,” तपती म्हणाली आणि खाली बसली.

झिनुक खिडकीपाशी होती. उठवलं तर उठायची, चालवलं तर चालायची. डोळे उघडे, पण कुणाच्या तोंडाकडे बघत नव्हती. अन्न घशाखाली उतरत नव्हतं. आधी आमच्या इथल्या डॉक्टरांनी पाहिलं, मग कोलकात्याला नेलं. तपासण्यांत काहीच दोष निघाला नाही. नाकातून नळी घातली की ती ओढून काढायची, इतकी शांतपणे की नर्सच्या लक्षातही यायचं नाही. हात बांधले तेव्हा तिला झटके आले. शेवटी डॉक्टरांनी सलाइनवर थोडी ताकद आणून तिला घरी पाठवलं. घरच्या माणसांत कदाचित खाईल, म्हणाले.

खाल्लंही. तपती लहानपणी तिला भरवायची तशी भाताचे छोटे गोळे करून बसली होती आणि भरवताना सवयीने कुठलीशी राक्षसाची गोष्ट सांगायला लागली. पहिल्या वाक्यापाशी झिनुक हूं म्हणाली आणि तिने तोंड उघडलं.

मला बोलावलं तेव्हा तपती एकाच वेळी हसत आणि रडत होती. “एक हूं, एक घास. बघा ना!”

दुसऱ्या दिवशी तीच गोष्ट सांगितली. हूं नाही. तोंड मिटलेलं.

तेव्हापासून मी दुपारी ऑफिसला निघण्याआधी त्यांच्याकडे जाऊ लागले. मी वाचायचं, तपतीने भरवायचं. मी पडताळून पाहिलं. त्याच सुरात वर्तमानपत्रातली बातमी वाचली: हूं नाही. शाळेचा धडा, सहलीची गोष्ट, शिकारीची गोष्ट: नाही. भुताची किंवा परीची गोष्ट: हूं. डॉक्टरांना सांगितलं, तर ते म्हणाले, “तिला आवडतंय ते वाचा. खाते आहे ना?”

विणकराच्या मुलीची गोष्ट मास्टरमोशायांनी स्वतः येऊन पुरी केली. मुलगी धोटा घेऊन वर येते, असा शेवट आहे. झिनुकने एकही हुंकार दिला नाही. त्यांनी ते दोन चरण म्हटले, तिच्या डोक्यावर टपली मारली.

“जा, सुटलीस,” ते म्हणाले. “जा ना, पोरी. सुटलीस.”

ती खिडकीबाहेर बघत राहिली. पायऱ्या उतरताना मास्टरमोशाय मला म्हणाले, “त्या रविवारी टपली मारायची राहिली. आजवर एकदाही विसरलो नव्हतो, अनु.” त्याचा आजाराशी काही संबंध नाही असं मी त्यांना सांगितलं. ते थोड्याच दिवसांत मुलाकडे दुर्गापूरला निघून गेले.

तिच्या पलंगाच्या डाव्या बाजूला वाचायची पुस्तकं आणि उजव्या बाजूला वाचून झालेली, असे दोन ढीग असत. वाचनालयातली सगळी अलौकिक आणि परीकथांची पुस्तकं एका महिन्यात डावीकडून उजवीकडे गेली. मग माझ्या घरातली. मग ऑफिसात परीक्षणासाठी येणारी. पूजेला निघणाऱ्या विशेषांकांचे जुने गठ्ठे मी जुन्या बाजारातून उचलून आणले. माझ्या सदरात मी वाचकांना विनंती केली की मुलांसाठीच्या जुन्या भुताच्या गोष्टी असतील तर पाठवा. पार्सलं येऊ लागली. कुणीही कारण विचारलं नाही.

मला वाटलं होतं, बंगालीत अशी पुस्तकं कधी संपायची नाहीत. इतकी वर्षं मी आईवडिलांना तेच सांगत आले होते. पण झिनुकने मला शिकवलं की पुस्तकं पुष्कळ आहेत आणि गोष्टी थोड्या. राजकुमाराचं नाव बदललेलं, राक्षसाचा जीव पोपटाऐवजी भुंग्यात ठेवलेला. दोन-तीन वाक्यं ती हूं म्हणायची आणि मग ओळखायची. तोंड मिटायचं. अर्धा घास ओठांवर तसाच राहायचा. ज्या पुस्तकांना मी ‘अगदी नवी कल्पना’ म्हणून शाबासकी दिली होती त्यातली कित्येक तिने दुसऱ्या पानावर नाकारली.

मी स्वतः गोष्टी लिहून पाहिल्या. रोज मजकूर देण्याची सवय असल्यामुळे लिहायला जड गेलं नाही. तिने एकीलाही हूं दिला नाही.

“तुमच्या खोट्या वाटतात हो,” तपती कानकोंडी होऊन म्हणाली.

“सगळ्या खोट्याच असतात, तपती.”

तपतीने भाताची वाटी झाकून ठेवली.

हिवाळा सरला. झिनुकचे हात काटकीसारखे झाले. नवी गोष्ट मिळाली त्या दिवशी वाटीभर भात, नाही मिळाली त्या दिवशी काही नाही. हाराधन खालच्या कारखान्यातून दुपारी यायचा, दारातूनच डावा ढीग बघायचा आणि न बोलता परत जायचा. एकदा त्याने मला विचारलं, “दिदी, इंग्रजीतून सांगितल्या तर? तुम्ही भाषांतर करून?” तेही केलं. चालल्या काही. पण परदेशी राजवाड्यांतही तेच राक्षस होते.

फाल्गुनात पहिल्यांदा मला खटकलं. मी वाक्य वाचत होते आणि हूं वाक्य संपण्याआधीच आला. भूक लागली असेल, असं मी मनाशी म्हटलं. तपतीने घास दिला. पुढच्या वाक्यालाही तसंच. दुसऱ्या दिवशी हूं वाक्याच्या मधोमध येऊ लागला, जिथे कुणी थांबत नाही अशा जागी. मी वेग वाढवून पाहिला, कमी करून पाहिला. हूं माझ्या वाचनाला धरून येत नव्हता. त्याला स्वतःची एक लय होती: कधी लांबलचक वाक्य, कधी आखूड, मग एखादा मोठा विराम, जसा सांगणारा पान उलटताना घेतो.

“तपती, ती माझं ऐकत नाहीये,” मी म्हटलं.

“खातेय ना? वाचा तुम्ही.”

मी वाचत राहिले.

चैत्रातल्या त्या दुपारी डावीकडे एकच पुस्तक उरलं होतं, कूचबिहारच्या कुणा बाईंनी पाठवलेलं, वाळवीने कडा खाल्लेलं. खिडकीतून लख्ख ऊन पलंगावर पडलं होतं. खाली कारखान्यात हाराधनची माणसं पत्रा कापत होती. तपतीने भात, तूप आणि कुस्करलेला बटाटा कालवला. गिळताना झिनुक कशाकडे लक्ष देत नसे, म्हणून काट्याच्या भीतीने त्या घरात कित्येक महिने मासा शिजला नव्हता.

मी पहिलं पान वाचलं. माझ्या वाक्यांना हूं आला नाही. ही गोष्ट तिला ठाऊक होती.

दुसरी. ठाऊक होती.

मी पानं उलटत गेले, प्रत्येक गोष्टीची सुरुवात वाचत गेले. तपतीच्या हातातला घास वाळत चालला होता.

शेवटची गोष्ट. चार ओळी. तोंड मिटलेलं.

मी पुस्तक मांडीवर ठेवलं. खाली पत्रा कापणं थांबलं, जेवायची सुटी झाली असावी.

“आणखी असेल ना ऑफिसात?” तपतीने विचारलं.

“नाही.”

“आठवून बघा. लहानपणी ऐकलेली एखादी.”

“सगळ्या सांगितल्या, तपती.”

आम्ही दोघी बसून राहिलो. कुणी काही बोलत नव्हतं.

“हूं,” झिनुक म्हणाली.

तपतीने दचकून माझ्याकडे पाहिलं. माझे ओठ मिटलेले होते.

बराच वेळ गेला. एखादं लांब वाक्य संपावं इतका.

“हूं.”

ती खिडकीकडे बघत नव्हती. तिची मान वर वळली होती. पलंगाच्या पायथ्याशी कपाट आणि भिंत यांच्यामध्ये रिकामी जागा होती. तिथे, माणसाचा चेहरा असतो त्याहून बऱ्याच उंचावर तिची नजर होती. इतक्या महिन्यांनी ती कशाकडे तरी बघत होती.

तिने तोंड उघडलं. तपतीने घाईने घास पुढे केला. झिनुकने मान बाजूला घेतली, पुन्हा तिकडे वळवली, आणि तोंड मिटलं.

मग ती चावू लागली.

तिचे गाल हलत होते. घसा वरखाली झाला. तपतीच्या बोटांत तो घास तसाच होता.

“हूं.”

पुन्हा तोंड उघडलं, मिटलं, चावलं. मग जिभेने काहीतरी शोधलं आणि ओठांच्या फटीतून पुढे ढकललं.

तपतीने ते चिमटीत धरलं. माशाचा काटा होता. बारीक, ओला, नीट चोखून साफ केलेला. तिने तो उन्हात धरून पाहिला आणि न शिवलेल्या भाताशेजारी, ताटाच्या काठाला ठेवला, जेवताना आपण ठेवतो तसा.

मी हाताला येईल ते उजव्या ढिगातलं पुस्तक उचललं. उघडलं. कुठलंही पान. मोठ्याने वाचायला लागले.

तपतीने पानावर हात ठेवला.

“नको, अनुदी.”

“तपती, अगं—”

“तुमच्या आवाजाने मध्येच थांबेल ती.” तिचा स्वर अगदी साधा होता. डोळे मुलीवर होते. “किती दिवसांनी पोटभर जेवतेय. जेवू दे.”

मी पुस्तक मिटलं.

“हूं,” झिनुक म्हणाली आणि तिने पुन्हा तोंड उघडलं. आईच्या हातच्या घासासाठी ती एवढं मोठं तोंड कधीच उघडत नसे.